प्रश्नाला दार उघडं ठेवा

मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्यात इर्ल्याच्या वेलांकणी चर्चजवळच्या क्रूसावर येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. भाविकांनी ते पवित्र मानलं. विवेकवादी सनल एडामारुकू यांनी पाहणी करून सांगितलं, की तुंबलेल्या सांडपाण्याचं पाणी केशाकर्षणाने वर चढतंय. त्यांच्याविरुद्ध धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी ते फिनलंडला गेले.

हा एकाच धर्माचा दोष नव्हे. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती ‘दूध प्यायला’, तेव्हाही पृष्ठताणाचं स्पष्टीकरण गर्दीला नकोच होतं.

कारण सापडल्याने देव हरवत नाही. जी श्रद्धा प्लंबरमुळे डळमळते, ती देवावर नव्हे, पाइपावर टेकलेली असते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचाही लढा देवाशी नव्हता, श्रद्धेच्या नावाने चालणाऱ्या शोषणाशी होता. आपल्या संविधानात कलम २५ उपासनेचं स्वातंत्र्य देतं, तर कलम ५१ अ वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य ठरवतं.

म्हणून अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड, प्रत्येक मंडळाला, देवस्थानाला आणि चर्चला आमची विनंती आहे: ‘चमत्कार’ दिसताच आधी जवळच्या कॉलेजातले भौतिकशास्त्राचे शिक्षक बोलवा. आरती, प्रार्थना त्यानंतरही तितक्याच मनापासून होईल.