सदस्यत्व : वर्गणीपुरते की हक्काचे?

राज्यव्यापी व्यापारी-औद्योगिक संघटनेचे सदस्यत्व घ्यावे की नाही, असा विचार करणाऱ्या लहान उद्योजकाचा पहिला प्रश्न हमखास वर्गणीचा असतो. पैसे भरून मला काय मिळणार? प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याचे उत्तरही व्यवहारातच शोधायला हवे.

महाराष्ट्रात अशा संघटनांची परंपरा जुनी आहे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये मुंबईत महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली. पुढे उद्योग आणि कृषी यांचाही तिच्या नावात समावेश झाला. गावोगावचे व्यापारी संघ स्थानिक प्रश्न हाताळतातच. पण कर किंवा औद्योगिक धोरणाचे निर्णय मुंबईत होतात. तेथे एकट्यादुकट्याचे निवेदन सहसा फायलीतच राहते.

स्थानिक संस्था कर अर्थात एलबीटीचे उदाहरण पाहा. या कराविरुद्ध २०१३ मध्ये राज्यभरातील व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. अखेर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांची त्यातून सुटका झाली. मात्र ही सवलत सर्वांनाच मिळाली. ज्यांनी कधी कोणत्याही संघटनेची वर्गणी भरली नाही, त्यांनाही. मग सदस्याच्या पदरात वेगळे काय पडते?

त्याचे उत्तर थकलेल्या बिलांत सापडते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. कागदावर हे संरक्षण भक्कम आहे. पण ज्याच्या ऑर्डरवर कारखाना चालतो, त्याच्याविरुद्ध तक्रार करणार कोण? संघटना हा प्रश्न सदस्याचे नाव न घेता मांडू शकते. शिवाय अशा तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेवर सूक्ष्म व लघु उद्योगांच्या संघटनांचा किमान एक प्रतिनिधी असावा, अशी तरतूद कायद्यातच आहे.

नियमांतील बारकावे वेळेवर कळणे, हा दुसरा लाभ. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली. पण ती अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती. थकबाकीवरील व्याजाची तरतूद त्यांना लागू नाही. हा फरक ठाऊक नसलेला व्यापारी भलत्याच भरवशावर राहतो. निर्यातदारांना लागणारे मालाच्या उगमाचे प्रमाणपत्रही मान्यताप्राप्त चेंबर देतात.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. पैसे थकविणारा मोठा खरेदीदार आणि ज्याचे पैसे थकले तो लघुउद्योजक, हे दोघेही एकाच संघटनेत असू शकतात. कार्यकारिणीत मोठ्यांचेच वर्चस्व असेल, तर थकबाकीचा विषय बैठकीच्या विषयपत्रिकेवर येणारच नाही. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घेणे शहाणपणाचे. आपल्या वर्गातील सदस्याला मतदानाचा हक्क आहे काय? लघुउद्योगांना कार्यकारिणीत जागा आहेत काय? हिशेब दरवर्षी सभेपुढे येतात काय? जिल्ह्यात बैठका होतात काय?

उत्तरे समाधानकारक असतील, तर वर्गणी महाग नाही. पण ती भरून वार्षिक सभेकडे पाठ फिरविणाऱ्याला भिंतीवर टांगण्यापुरते प्रमाणपत्रच तेवढे मिळेल.