फी माफ झाली, खानावळीचे काय?



पेरणीच्या दिवसांत आम्ही बांधावर जातो ते बी-बियाण्यांचे सांगायला. पण बोलणे हटकून वळते मुलांच्या कॉलेजावर. गेल्या हंगामात दीड एकराच्या एका धन्याने दुभती म्हैस बाजारात न्यायचे ठरवले होते. थोरल्या मुलीचा कृषी पदवीला नंबर लागला होता ना!

मी म्हटले, "दावे सोडू नका. आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढा."

आपल्या राज्यात ही मदत बरीच पालटली आहे. ई.बी.सी. सवलतीची उत्पन्न मर्यादा २०१६ पर्यंत एक लाख रुपये होती. घरात एक साधी नोकरी असली की नाव बाद! त्या वर्षी मर्यादा वाढली, योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले, आणि २०१८ मध्ये ती आठ लाखांवर गेली. या योजनेत व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी शिकवणी फी शासन भरते. २०२४-२५ पासून तर आठ लाखांच्या आतल्या ई.डब्ल्यू.एस., एस.ई.बी.सी. आणि ओबीसी घरांतील मुलींची शिकवणी व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की ही सवलत विसरा.

माझ्या वेळी वडील तलाठ्याकडे दोन हेलपाटे घालत, की काम होई. आता महाडीबीटीवर अर्ज भरायचा आणि बँक खाते आधारला जोडलेले हवे. दाखल्यावर एक नाव, गुणपत्रिकेवर दुसरे, एवढ्यावरून अर्ज परत आलेला मी पाहिला आहे. म्हणून कागद निकालाआधीच, उन्हाळ्यात तयार ठेवा.

खरी अडचण पुढेच आहे. फी सुटते, पण खोली आणि खानावळ सुटत नाही. अल्पभूधारकांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्यासाठी सातबारा, आठ-अ घेऊन अल्पभूधारक दाखला वेगळा काढावा लागतो. हे पुष्कळांना ठाऊकच नसते. शिवाय पैसे मागाहून खात्यावर येतात, खानावळवाला थांबत नाही.

त्या घरी आम्ही ओसरीवर बसून हिशेब मांडला. भत्ता येईपर्यंतची खानावळ दुधाच्या बिलातून भागवायची ठरली. म्हैस गोठ्यातच आहे. तिचे वैरण-पाणी आता धाकटा बघतो.