पिकअप उंच केली, गोळा तिथंच राहिला



आंबियाची तोड जवळ आली की पुतण्याचा फोन येतोच. यंदा विचारणा संत्र्याची नाही, पिकअपची. "काका, पांदणीत गाडी टेकते. चार इंच उचलायची किट पाहिली मोबाईलवर. कोणती घेऊ सांगा ना." गावातल्या आणखी तिघा-चौघांनी हेच विचारलं, म्हणून इथंच लिहून टाकतो. माझं मत सरळ आहे. भरून माल नेणाऱ्या पिकअपला उंची वाढवायची किट लावू नका. मी लावून पाहिली, पैसे घालवले आणि एका माणसाचा हात मोडला, म्हणून सांगतो.

माझं वावर काटोलकडे. डांबरी रोडपासून दीड किलोमीटर काळ्या मातीची पांदण. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल होतात आणि पिकअप मधल्या उंचवट्यावर टेकते. दोन वर्षांआधी मिस्त्री म्हणाला, "भाऊ, दोन-दोन पाटे वाढवून देतो, खाली ठोकळा टाकतो, यू बोल्ट लांब लावतो. गाडी हत्तीवानी उभी राहते." मजुरीसकट अकरा हजार दिले. गाडी खरंच रुबाबदार दिसत होती.

पहिल्याच पावसात त्याच जागी टेकली. तोडीवाला मजूर खाली वाकून पाहते अन् म्हणते, "भाऊ, गाडी त वर गेली, गोळा तिथंच हाय!"

मी दहावी पास, पण जे मिस्त्रीनं सांगितलं नाही ते त्या मजुरानं सांगितलं. पिकअपखाली सगळ्यात खाली असतो मागच्या एक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल. एक्सल चाकाला बांधलेला असतो. पाटे वाढवा, ठोकळा टाका, वर जातो तो चेसिस अन् डाला. गोळा जमिनीपासून किती उंच राहील हे फक्त टायर ठरवतो. टायर दोन इंच मोठा लावला तर गोळा एकच इंच वर जातो. वरून क्लचवर ताण, वळताना टायर घासणार, किलोमीटरचा काटाही कमी दाखवणार. म्हणून कोणी किट विकायला आला तर टेप घेऊन गाडीखाली शिरा अन् आधी पाहा, टेकते काय? गोळा टेकत असेल तर किटचा उपयोग शून्य.

आता तोट्याचं ऐका. नाल्याजवळ पांदण एका अंगानं उतरती आहे. पहिले तिथून भरलेली गाडी आरामात निघत होती. डाला चार इंच वर गेला, म्हणजे संत्र्याचं सगळं वजन चार इंच वर गेलं. त्या दिवशी गाडी कलली. उलटली नाही, पण मालावर बसलेले दोघं फेकल्या गेले. एकाचं मनगट मोडलं. ऐन तोडीत त्याची दोन महिन्यांची मजुरी बुडाली. दवाखाना मी केला, मजुरीही दिली, पण ते माझ्या मनातून जात नाही. मालावर माणसं बसवणं हीच पहिली चूक होती, अन् ती माझीच.

मालाचंही तेच. पाटे कडक झाले की गाडी दचके वर फेकते. तणस टाकून भरलेला सुटा संत्रा कळमन्यापर्यंत आदळत जातो. खालच्या थराला मार लागतो अन् व्यापारी तेवढ्यावर भाव पाडतो.

ब्रेकचंही समजून घ्या. बऱ्याच पिकअपांत मागच्या ब्रेकचा वॉल्व्ह दांडीनं एक्सलला जोडलेला असतो. माल भरला की चेसिस खाली येतो, वॉल्व्हला कळते गाडी भरली अन् मागचा ब्रेक जोरात लागतो. गाडी उचलली तर भरलेली असूनही वॉल्व्हला रिकामीच वाटते. मागचा ब्रेक कमी पडतो, गाडी उशिरा थांबते. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, त्याचे क्रॉस लवकर जातात. मागूनच उचलली तर हेडलाइट पुढं खाली पाहतात.

कायदाही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमावाले गाडीखाली वाकून पाहणारच. अन् पाटे वाढवले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. ओव्हरलोडचा दंड २० हजारांपासून सुरू होतो.

मग करायचं काय? मी जे केलं ते सांगतो. ठोकळे अन् जास्तीचे पाटे काढले. जुने पाटे पार बसले होते, तेव्हा कंपनीच्याच मापाचा नवीन सेट टाकला. गेलेली उंची तेवढ्यानंच परत आली, अन् तीच खरी उंची. टायर मूळ मापाचेच, पण नक्षी चांगली असलेले. चिखल असला की पांदणीत ट्रॅक्टर-ट्रॉली लावतो अन् पिकअप डांबरी रोडवरच भरतो. एक हमाली जास्त लागते, पण मार लागलेल्या मालापेक्षा स्वस्त पडते. क्रेट वापरले तर आणखी बरं.

सिमेंट वाहणारे मित्र म्हणतात, आमचे पाटे वाढवलेले आहेत, काही होत नाही. सपाट डांबरावर, पोत्यांच्या मालाला कदाचित चालून जात असेल. आपली पांदण तशी नाही.

खरा रोग गाडीत नाहीच, वाटेत आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते, तिच्यावर नुसता मुरूम टाकला तर दोन पावसात गिळते. बाजूनं नाली काढून पाणी बाहेर काढलं, मग दगड अन् मुरूम दाबला, तरच रस्ता टिकतो. शेत-पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजना आहे, ग्रामसभेत ठराव घ्या. आमच्या पांदणीवर अकरा शेतकरी आहेत. प्रत्येकानं किटचे अकरा हजार वाटेत टाकले असते तर १ लाख २१ हजार झाले असते. तेवढ्यात नाल्याजवळचा उतार तरी नक्की सरळ झाला असता.

पुतण्याला हेच सांगितलं. तो अजून नाराज आहे. तुमच्या कोणाच्या गाडीला किट असेल तर बरा-वाईट अनुभव खाली लिहा, त्यालाही वाचू द्या.