चित्रातला पावसाळी उजेड कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेला?

१/
जुन्या मुंबईचे एखादे रंगीत चित्र समोर आले की ‘तेव्हाची मुंबई अशी होती’ असा निष्कर्ष लगेच निघतो. इमारती, गलबते, पोशाख यांवर बारकाईने चर्चा होते. चित्रातल्या उजेडाला मात्र सहसा कोणी पुरावा मानत नाही. वास्तविक चित्रकाराची भूमिका तिथेच अधिक स्पष्ट उमटते.

२/
कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी. पुढे ‘ग्रिंडलेज बँक’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या पेढीचा संस्थापकही तोच. पश्चिम हिंदुस्थानातील देखावे, वेशभूषा आणि वास्तू यांचा त्याचा ३६ रंगीत चित्रांचा संग्रह १८२६ ते १८३० या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका चित्राचा विषय आहे मुंबई बंदरावर येऊ घातलेला पावसाळा.

३/
ही चित्रे ॲक्वाटिंट पद्धतीची. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवून तो आम्लाने टप्प्याटप्प्याने खोदला जाई. आम्ल जितका वेळ राही, तितकी छटा गडद. म्हणजे ढग हा आम्लाचा हिशेब आणि उजेड हा कोरा राखलेला कागद. काळोख किती ठेवायचा, हे ठरवताना समोर मोसमी आकाश नव्हते. भव्य आणि किंचित भयप्रद निसर्गाची आवड असलेला इंग्रज ग्राहक होता.

४/
आता दिशेचा विचार करावा. मुंबईचे बंदर शहराच्या पूर्वेस आहे. वळवाचे ढग सह्याद्रीवर दाटतात, तेव्हा मावळतीचा सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असतो. काळ्या ढगांपुढे शिडे उजळून निघतात. दक्षिणेला रायगड जिल्ह्यातील दिवेआगरचा किनारा मात्र पश्चिमाभिमुख. तिथे मोसमी ढग सूर्यालाच झाकत समुद्रावरून येतात. उजळलेली शिडे नाहीत. आधी क्षितिज विझते.

५/
शेजारच्या भरडखोलच्या कोळ्यांना हा उजेड देखावा म्हणून परवडणारा नव्हे. तो होड्या वर ओढण्याचा आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे पाठ फिरवण्याचा इशारा आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने याच पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नवी पोफळ लावली, तरी ती फळाला येईपर्यंत कित्येक वर्षे जातात.

६/
ग्रिंडलेचा संग्रह खोटा ठरवण्याचे कारण नाही. तो सुंदर आहे आणि जपण्याजोगाही. पण तो पावसाळ्याचा पुरावा कमी आणि पावसाळ्याकडे पाहणाऱ्या एका वर्गाचा पुरावा अधिक आहे. दिवेआगरपाशी शके ९८२ चा मराठी ताम्रपट आहे. तिथल्या आकाशाची नोंद मात्र होडी शाकारणाऱ्या आणि वाडी राखणाऱ्या माणसांच्या स्मरणात आहे. ती त्यांच्या तोंडून टिपून ठेवणे हेही इतिहासाचेच काम. ते न झाल्यास कोकणचा पावसाळा पुढच्या पिढीला लंडनच्या कागदावरच पाहावा लागेल.