आधी आरसीसीबी, मग मेथी

जुलैतली गोष्ट. आमच्या रूमवर लोखंडी रॅक, त्यावर मेथी आणि लेट्युसचे ट्रे, वर टांगलेल्या चार एलईडी पट्ट्या, आणि सगळ्यांच्या पिना जमिनीवरच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डात. (हसू नका, आमची मेथी दोनदा मेसमध्ये शिजली आहे!) एका रात्री रूममेटने ओल्या हाताने रॅक धरला आणि असा शॉक बसला की ट्रे एकीकडे, तो दुसरीकडे. नशीब, वाचला. दुसऱ्या दिवशी दिवे जप्त, आणि नोटीस : रूममध्ये झाडं बंद.

सर, चूक आमचीच. ट्रेमधलं पाणी वायरवरून बोर्डात उतरत होतं आणि रॅकचा पाय त्याच ओलीत होता. ह्या प्रकाराला मराठीत काय म्हणतात ते मला येईना, कॉन्व्हेंटची कृपा. मेसच्या मावशी म्हणाल्या, "ओघळ आला रे पोरा वायरवरनं." उपाय फुकटचा आहे. बोर्ड भिंतीवर, ट्रेच्या वर लावायचा आणि वायरला सॉकेटच्या खाली झोळ ठेवायचा. थेंब झोळाच्या तळाशीच गळून पडतो.

पट्टीवर आयपी६५ लिहिलंय म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा चालतो. पण हे फक्त पट्टीपुरतं. पिनेला आणि बोर्डाला कुठलं आलंय आयपी? त्यात आमच्या पाण्यात खत विरघळलेलं, म्हणजे करंटला हायवेच.

मग एमसीबी का पडला नाही? कारण तो ६ अँपिअरचा. माणसाला काही दहा मिलीअँपिअरही जीवघेणे ठरू शकतात. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून बघतो, आणि ३० मिलीअँपिअरचा फरक पडायच्या आत ट्रिप होतो. फर्स्ट इयरला हे आपण सगळे पाठ करतो, आणि हॉस्टेलमध्ये तो नाही!

तळेगावकडे पॉलिहाऊसमध्ये शेवंतीला लवकर कळी धरू नये म्हणून रात्री दिवे लावतात. तिथेही पाणी असतंच, म्हणून कोणी शेवंती बंद करत नाही. आणि आपल्याकडे झाडं गेली तरी बादलीतले हीटर रॉड प्रत्येक विंगमध्ये आहेतच की.

आमचे दिवे नाही दिलेत तरी चालेल. आरसीसीबी तेवढा बसवा. आमच्या विंगच्या डीबीत दोन खाचे रिकामे आहेत, मी बघून आलोय.