हात लावू नकोस!

आमच्या अकोल्यात कूलर म्हटलं की वाळ्याचा वास आणि पाण्याची टाकी आठवते. त्यामुळे मे महिन्यात नातू म्हणाला, "आबा, मी कूलर बसवतोय," तेव्हा मी म्हटलं, अरे, खिडकीत आहे की एक! त्याचा कूलर निघाला कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाचा. कार्डाचा मूळ पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करायचा, म्हणून यानं खाऊचे पैसे साठवून तांब्याच्या नळ्या आणि दोन पंखे असलेला मोठा कूलर मागवला आणि रात्री एकट्यानं बसवला.

सकाळी घरात सुतक. जुन्या पंख्यावर खेळ चालू असताना कार्डाचं तापमान ८४ अंश असायचं, ते नव्या कूलरवर ९४ झालं. इतकं तापलं की कार्ड स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतं, आणि चित्र अडखळू लागतं. चिरंजीव कडाडले, "कशाला हात लावलास?" दुकानदारानं फोनवरच निदान केलं, "कार्ड गेलं, नवीन घ्या." शेजारच्या इंजिनिअरांनी सल्ला दिला, "पेस्ट अजून भरपूर लावा." आणि मी तोंड उघडलं तर सगळे हसले. बी.ए. मराठी! यांना काय कळतंय?

मंडळी, माझं भांडण या तिघांशीही आहे. तिघांनीही कार्डाकडे एकदासुद्धा पाहिलं नव्हतं.

मी नातवाला म्हटलं, आधी खोलीचं तापमान मोज. ३६ अंश. पंख्याच्या हवेवर चालणारा कुठलाही कूलर कार्डाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. परदेशातला कुणी २२ अंशांच्या खोलीत ६५ चा आकडा दाखवत असेल, तर तो खोलीपेक्षा ४३ नं वर आहे. तोच कूलर आमच्याकडे ७९ दाखवणार. त्यामुळे तुलना करायची ती फरकाची. पण आमचा फरक ५८ होता, म्हणजे खापर नुसतं अकोल्यावर फोडता येईना.

मग एका वेळी एकच गोष्ट तपासली. दोन्ही पंखे फिरतात का? फिरत होते. डब्याचं झाकण काढून बाजूला टेबलफॅन लावला. तापमान जेमतेम दोन अंशांनी उतरलं, म्हणजे डब्यात कोंडलेली हवा मुख्य आरोपी नव्हे. खेळ सुरू केल्यावर तापमान कसं चढतं? हळूहळू नाही, अर्ध्या मिनिटात नव्वदीपार. शेवटी मशीन बंद करून, वायर काढून त्यानं कूलरच्या पात्यांना बोट लावलं. "आबा, हे तर कोमट आहे!"

तिथंच उत्तर होतं. खाली जाळ मोठा आणि तवा गार, म्हणजे तवा चुलीवर बसलेलाच नाही. कुठल्याही आजीला हे सांगता येईल, त्याला बी.ए.सुद्धा लागत नाही.

कूलर काढला. चिपवरची पेस्ट एका कडेला दाबून पातळ झालेली, दुसऱ्या कडेला तशीच जाड. कूलर तिरका बसला होता. का? मेमरीच्या चिप थंड राहाव्यात म्हणून तिच्यावर चिकटवायचे छोटे हीटसिंक मिळतात, त्यांतला एक उंच तुकडा नेमका तांब्याच्या नळीखाली आला होता. तिथं बुटका लावायचा, असं पुस्तिकेत चित्र काढून दाखवलं होतं. थंड करायला लावलेल्यानंच थंडावा अडवला होता!

आता 'भरपूर पेस्ट'बद्दल. उष्णता वाहून नेण्याच्या मापात तांबं ४०० च्या आसपास, चांगली पेस्टसुद्धा बहुधा दहाच्या आतबाहेर, आणि हवा ०.०२६. पेस्टचं काम एवढंच, की दोन पृष्ठभागांमधल्या बारीक खाचांतून हवा हाकलायची. जाड थर दिला की तोच आडवा येतो. थर जितका जाड तितका उष्णतेचा प्रवाह कमी, हे फूरिएनं १८२२ सालच्या ग्रंथात गणितानं मांडून ठेवलंय. इंजिनिअरसाहेब ते परीक्षेपुरतं शिकले असावेत.

तो उंच तुकडा ओढून नव्हे, तर हळूच पिळून काढला. ओढला तर चिपच उखडायची भीती. बुटका लावला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, मटाराच्या निम्म्या दाण्याएवढी नवी लावली. चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करून आवळले. तापमान ७१. 'गेलेलं' कार्ड जिवंत आहे.

कुणी म्हणेल, पोरांनी विजेच्या वस्तू उघडायच्या का? धोका आहे, पैसा जातो. मान्य. पण वायर आधी काढायची, डब्याच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवायची, हे सावधपणही हात लावल्यावरच अंगी बाणतं. बंदी घालून मूल सावध होत नाही, ते फक्त दुकानदाराच्या ताब्यात जातं. त्या सकाळी माझा नातू म्हणाला होता, "आबा, मी परत कधी काही उघडणार नाही." मला ९४ अंशांपेक्षा त्या वाक्याची भीती वाटली. याला विज्ञानात ९५ मार्क आहेत!

आणि आता माझा कबुलीजबाब. विज्ञानाचे सर रजेवर गेले की आठवीला 'उष्णता' मी शिकवायचो. वहन, अभिसरण, प्रारण, तिन्ही व्याख्या मुलांकडून घडाघडा म्हणून घ्यायचो. प्रयोगाच्या साहित्याचं कपाट वर्गाच्या मागेच होतं. किल्ली माझ्याच खिशात असायची. फुटलं तर भरपाई कोण देणार, म्हणून मी ते वर्षानुवर्षं उघडलं नाही. चिरंजीव त्याच शाळेत होते, माझ्याच वर्गात. तेव्हा "कशाला हात लावलास?" हे ते कुणाकडून शिकले, ते मला चांगलं ठाऊक आहे.

असो. जुना पंखा नातवानं काल परत खोलला, आवाज का करतो ते बघायला. मी स्क्रू ठेवायला वाटी आणून दिली.