वर्गातला कुंभकर्ण

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझा मावसभाऊ सातवीत असताना वर्गात बसल्या बसल्या झोपी जाई. 'कुंभकर्ण' हे नाव त्याला प्रथम मीच ठेवले, याची आज लाज वाटते. गुरुजींनी त्याला बाकावर उभे केले. पुढे तो हसता हसता गुडघ्यांतून कोसळू लागला. रात्री झोपेत ओरडे, लाथा झाडी. मग मावशीने देवऋषी गाठला. दोन वर्षे अंगाऱ्यात गेली. मी सांगलीला शिकायला आल्यावर त्याला मिरजेच्या डॉक्टरांना दाखवले, तेव्हा रोगाचे नाव कळले : नार्कोलेप्सी.

मेंदूतले ओरेक्सिन हे द्रव्य आपल्याला जागे ठेवते. त्याचा शोध १९९८ साली लागला. ते तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या, की जागृती आणि स्वप्न यांची सरमिसळ होते. स्वप्नात सैल पडायचे स्नायू हसताना सैल पडतात, आणि स्वप्नात मात्र हातपाय चालतात. रोग समूळ जात नाही. पण औषधे व दुपारची ठरलेली डुलकी यांवर मूल शिकू शकते.

साताऱ्यात जन्मलेल्या, मिरजेत डॉक्टर झालेल्या नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा भोंदूला आवरील. आपल्या टिंगलीला कोण आवरणार?

पेंगणारे प्रत्येक मूल रोगी नसते. अनेकांचे नुसते जागरण झालेले असते. पण आपल्यापैकी कित्येक जण उद्या शिक्षक होतील. त्यांनी शिक्षा करण्यापूर्वी एवढे तरी विचारावे : "बाळ, हसताना पाय लटपटतात का रे?"